नकाशात नसलेलं पाणी

मी एक छोटीशी आज्ञावली बोलते आहे. मला हात नाहीत, चेहरा नाही. कम्पालातल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात, संगणकाच्या पोटात माझं घर आहे.

माझ्या एका बाजूला इमारतींचे सांगाडे उभारून त्यांची ताकद मोजणारं भलंमोठं सॉफ्टवेअर राहतं. हुशार, पण शब्दाने हलत नाही. माउसने टोचावं लागतं. दुसऱ्या बाजूला एआय मदतनीस. त्याला वाचता येतं, विचार करता येतो, पण कॉलम उभा करायचा म्हटलं तर हात नाहीत. या दोघांचं थेट बोलणं नाही, आणि अशा घरात मधल्या माणसाला बरंच काम असतं. मदतनीस म्हणतो, इथे बीम घाल. मी घालते.

मला लिहिलं नान्तोंगोने. आर्किटेक्टने एक भिंत हलवली की तिचे चार दिवस माउसने टिचक्या मारण्यात जायचे. मनगटाला कायमची पट्टी. शेवटी तीन आठवडे दुपारचं जेवण टेबलावर निवू देत तिने मला घडवलं आणि मी काय करते ते चार ओळींत माझ्या कपाळावर लिहिलं. त्या ओळी वाचूनच मदतनीस मला हाक मारतो. शेवटची ओळ होती, 'नकाशात दाखवलेले सगळे भार लावते.' मला त्या ओळीचा फार अभिमान होता.

ऑफिसात सगळ्यांत वडीलधारे, म्हणून सगळे ज्यांना आदराने 'म्झे' म्हणतात ते लुबेगा, तीस वर्षांचे मुरलेले इंजिनिअर. आता मॉडेलचं काम एआय एजंट करणार हे ऐकल्यावर त्यांना जमिनीचा दलालच आठवला; त्यांनी एवढंच विचारलं, की प्लॉट कुठे दाखवतोय आणि रस्त्याला लागून आहे का.

माझं पहिलं काम होतं बाबिर्ये बाईंच्या शाळेचं वसतिगृह. वरच्या मजल्यावर अठ्ठेचाळीस मुली झोपणार होत्या. त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब शनिवारी ओतायचा ठरलेला, आणि बुधवारी आर्किटेक्टने आतल्या भिंती हलवल्या. सगळं मॉडेल नव्याने करायचं होतं. मदतनिसाने नकाशा वाचला, मी सॉफ्टवेअर चालवलं, अकरा मिनिटांत सांगाडा उभा. एकूण एक बीम हिरवा, म्हणजे भार पेलणारा. नान्तोंगो खुर्चीत मागे रेलून स्वतःशीच हसली.

म्झे लुबेगांनी चहाचा कप कागदांवरच ठेवला आणि पानं उलटली.

"मुली आंघोळ कशाने करणार?"

"पाण्याने, म्झे."

"पाणी कुठे आहे?"

नान्तोंगोने कागद पाहिले. मग खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या टेकडीवर, जितकी छपरं तितक्या काळ्या टाक्या. आमच्या नकाशात एकही नव्हती. इथे टाकी कोणी काढतच नाही. माणसाच्या चित्रात सावली काढतं का कोणी? म्झे तीस वर्षं तिचं वजन मनातल्या मनात धरत होते, आणि धरतो असं कुणाला सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती.

बाबिर्ये बाईंना फोन गेला. "टाकी तर असणारच ना, न्याबो," त्या म्हणाल्या; न्याबो म्हणजे इकडचं 'बाईसाहेब'. "दोन आहेत, दहा-दहा हजार लिटरच्या. अंगणात आणून ठेवल्यात, शेळ्या चढतायत त्यांच्यावर."

वीस टन. मी ते छतावर ठेवलं आणि तीन बीम लाल झाले.

शनिवारचं काँक्रीट थांबवलं. मिक्सर सांगून ठेवलाय, मजुरांसाठी मक्याचं पीठ आणलंय, म्हणून बाई बऱ्याच बोलल्या. नान्तोंगोने ऐकून घेतलं, पण हो म्हटलं नाही. मग तिने माझी फाइल निवडली. तिचं बोट पुसायच्या बटणावर होतं.

"खोटं बोलली का ती?" म्झेंनी विचारलं.

"नाही. पण विचारलंही नाही."

"घरात नवी आलेली आहे, पोरी. सांगितलं तेवढंच करणार. तिला विचारायला शिकव."

बोट मागे आलं. माझ्या कपाळावर पाचवी ओळ आली, म्झेंच्याच शब्दांत. 'नकाशात नाही, पण सगळ्यांना माहीत आहे, असं वर काय येणार? आधी मालकाला विचार.'

त्या एका ओळीचे उपकार मी कसे फेडू? तीन बीम जाड करून दहा दिवस उशिरा स्लॅब ओतला, आणि आज मुली त्याखाली निवांत झोपतात. म्झे आता रोज नकाशात न काढली जाणारी एखादी गोष्ट आठवून नान्तोंगोला सांगतात आणि ती मला शिकवते. भोचक म्हणून माझं नाव झालंय, ते मला चालतं. तुमच्याकडेही कोणी नवं आलं, माणूस असो की माझ्यासारखी कोणी, तर 'हे तर सगळ्यांना माहीत असतं' असं म्हणून गप्प बसू नका. एकदा तोंडाने सांगा.

परवा त्याच बाईंच्या नव्या स्वयंपाकघराचं काम आलं. मदतनिसाने माझा प्रश्न पाठवला. या छतावर काही नाही, असं बाईंचं उत्तर आलं. थोड्या वेळाने दुसरं आलं: "रविवारी मुली जुन्या स्वयंपाकघराच्या छतावर चढून नाचतात, नव्यावरही नाचणार. मी बघितलं नाही असं दाखवते. पण तू लिही."

मी लिहिलं.