पेवातला आकडा

जमिनीतून, दगडातून एक वायू सतत वर येत असतो. रेडॉन. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि कोंडलेल्या घरात वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तो मोजायला मी धुळ्याहून सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत डब्या टांगत फिरते. डबीत फिल्मचा तुकडा असतो. तीन महिन्यांनी त्यावर उमटलेल्या खुणा मोजायच्या. कॉलेजात शिकवण्यापेक्षा हे काम मला बरं वाटतं, कारण डब्या वाद घालत नाहीत.

माणसं घालतात. त्यातल्याच एका गावातल्या दगडीबाईचा मुलगा भुरा चाळिशीच्या आतच या कर्करोगानं गेला. बिडीला कधी शिवला नव्हता. मग दोष द्यायला कुणीतरी हवंच. सुनेनं नवरा खाल्ला, असं दगडीबाई चारचौघांत म्हणायची. त्या सुनेला, सुनिताला, माठाला हात लावायची बंदी, झोपायला शेळ्यांचा गोठा. मी डबी द्यायला गेले तेव्हा तिनं बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की दोष घराचा निघू शकतो का. असला तर कळेल, मी म्हटलं.

मुदत संपल्यावर दगडीबाईनं डबी माझ्या हातात आणून दिली. आकडा आला तो सगळ्या गावांत जास्त. मी सांगायला गेले. दगडीबाई भिंतीला डोकं टेकून रडली, हे घरच सोडू म्हणाली, मग उठून माठातलं पाणी स्वतःच्या हातानं सुनिताला दिलं. सुनिता ते उभ्या उभ्याच प्यायली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

निघताना सवयीनं, डबी टांगायला मी दाखवून दिलेला खिळा बघितला. त्यावर जुनं, धुळीनं भरलेलं जाळं होतं. डबी नक्की कुठे होती, मी विचारलं.

“पेवमा ठेयेल व्हती, ताई,” दगडीबाई अभिमानानं म्हणाली. “पोरं फोडी टाकतीन म्हनीसन.”

पेव म्हणजे जमिनीत खणलेला, तोंड लिंपलेला धान्याचा खड्डा. जपायची वस्तू ही माणसं तिथंच ठेवतात, आणि हा वायू साठायला त्याहून चांगली जागा नाही. माझं डोकंच फिरलं. आकडा खड्ड्याचा होता, खोलीचा नव्हता, आणि त्याच्यावर विसंबून ही माणसं घर सोडायला निघाली होती. मी सांगून टाकलं. बायकोमुळे असला आजार कधीच होत नाही, हेही सांगितलं, दोनदा सांगितलं.

“मंग मना भुरा कशाघाई मरना?” दगडीबाईनं विचारलं.

एकाच माणसाचं कारण आकड्यातून निघत नाही. मी तेच म्हटलं. तिनं सुनिताच्या हातातला तांब्या काढून घेतला.

सुनिता मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. “माले खरं नको व्हतं, ताई,” ती म्हणाली. “माले घर जोयजे व्हतं.”

निघण्याआधी नवी डबी मी स्वतः खिळ्याला टांगली होती. तीन महिन्यांनी ती काढायला गेले तेव्हा सुनिता नरडाण्याला कारखान्यात मजुरीला गेलेली होती. दगडीबाईनं मी निघाले त्याच दिवशी डबीच्या खोलीला कुलूप घातलं होतं आणि ती स्वतः ओसरीवर झोपत होती. बंद खोलीत वायू साठतोच. या वेळीही आकडा मोठा आला, पण त्या खोलीत तीन महिने कुणी श्वासच घेतला नव्हता.