वेग भरला नाही

साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. कर्ज-तपासणी विभागातली कायमची जागा घ्यायची, की वरच्या मजल्यावर जायचं. "दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभी राहू नकोस, घसरशील," असं ते हसत म्हणाले आणि पुन्हा फायलीत शिरले.

आमच्या वित्तसंस्थेच्या वरच्या मजल्यावर, जिन्यालगतच्या अरुंद खोलीत, हवामान विम्याचा नवा विभाग सुरू झाला होता. तिथे नुकसान बघायला कोणी जात नाही. वाऱ्याचा वेग यंत्रावर ठरलेल्या आकड्यापुढे गेला, की पैसे आपोआप विमेदाराच्या खात्यात जमा होतात. विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे पाठीमागे 'वेधशाळा' म्हणत. त्या सतत खिडकीबाहेर पाहत असत, आणि त्यांचा अंदाज बहुधा चुके. उद्याचं जग याच खोलीतून जाणार, असं काहीजण म्हणत. ही खोली वर्षभरात पुन्हा कोठीघर होईल, असं बाकीचे म्हणत. मला दोन्ही बाजू पटत, आणि त्यामुळे झोप येत नसे.

घरी विषय काढला तो जेवताना. बाबा विम्याचे सर्वेक्षक. जळलेली दुकानं, बुडालेली गोदामं, कोसळलेल्या भिंती यांत त्यांचं आयुष्य गेलं. ते घरात आले की धुरकट, ओलसर वास आधी येई.

"वाऱ्याचा विमा?" आत्या म्हणाली. "म्हणजे कायमची नोकरी सोडून पोरगी वाऱ्यावर!"

"आत्या, थट्टा नको ना."

"थट्टा कुठली? तुझ्या लग्नाचं कोणी विचारलं तर काय सांगू, मुलगी झुळुका मोजते म्हणून?"

बाबा हसले नाहीत. "आणि नुकसान बघायला कोण जातं?"

"कोणी नाही, बाबा. यंत्र सांगतं."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. "मग आमची सुट्टीच की." आवाज साधाच होता. पण त्यानंतर ताटातलं त्यांनी भराभर संपवलं, एखादं काम उरकावं तसं.

वेधशाळाबाईंनी मला परीक्षा म्हणून एक काम दिलं होतं. डोंगरउतारावरच्या फुलांच्या काचघरांना दिलेला विमा कसा चालला, याचा अहवाल. मी सगळे व्यवहार तपासले, आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं : वाद, शून्य. कर्ज-तपासणीत हेच आमचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. ज्याच्याबद्दल कुरकुर नाही, तो व्यवहार निरोगी. बाईंनी अहवाल वाचला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "छान. आता एकदा तिथे जाऊन ये."

गुरुवारी गेले. बसमधून उतरल्यावर चढण होती. वर काचघराचे सांगाडे उभे होते. बऱ्याच चौकटींत काचेच्या जागी नुसतं आभाळ. मालकीणबाई हातमोजे घालून रोपं बांधत होत्या.

"पैसे द्यायला आलात, की फोटो काढायला?"

"विचारपूस करायला," मी म्हटलं. ते किती केविलवाणं वाटलं, हे माझ्याच कानांना कळलं.

"मग विचारा. तुमचं यंत्र डोंगराच्या पलीकडे, टाकीच्या आडोशाला. गेल्या वर्षीच्या वादळात त्याला झुळूक लागली, आम्हाला वारा लागला."

"तुम्ही तक्रार का नाही केलीत?"

"कुणाकडे? फोन केला तर तुमच्या ऑफिसातली पोरगी म्हणाली, ताई, यंत्रावर वेग भरला नाही. आता तिच्याशी काय भांडू? ती बिचारी खरंच बोलत होती." त्यांनी गाठ दातांनी ओढली. "आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या आधीच्या वर्षी एक काच तडकली नव्हती, तरी पैसे आले होते. तेव्हाही मी तक्रार केली नाही. यंदा विमाच घेतला नाही. नको तेव्हा येतो, हवा तेव्हा येत नाही. असा एक मेव्हणा आहे मला, दुसरा कशाला?"

मी हसले, आणि हसता हसताच अहवालातलं ते ठळक शून्य आठवलं. ते शून्य मी निरोगी समजले होते. ते शून्य म्हणजे बंद खोलीतली शांतता होती. आत कोणी हाका मारतंय की नाही, हे कळायला दारच ठेवलेलं नव्हतं. आणि याच खोलीच्या आधारावर मी माझी पुढची वर्षं उभी करणार होते.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते सुटकेचा श्वास सोडतील.

"मला तुझं तिकडे जाणं आवडलेलं नाही," ते म्हणाले. "पण माझ्या आवडीवर तू किती वर्षं काढशील?"

"आणि तो विभाग बुडाला तर?"

"तर बुडेल. बघायला मी येईन. सवय आहे मला."

शुक्रवारी आधी वर गेले. "मॅडम, माझा अहवाल चुकलाय. यंत्र आणि नुकसान यांच्यात जे अंतर पडतं, त्यावर मला काम करायचंय. त्यासाठीच येईन, नाहीतर नाही."

बाई खिडकीकडे पाहत राहिल्या. "त्या कामाला अजून नावसुद्धा नाही. वरिष्ठांना ते अंतर दाखवलं, तर ते विभाग सुधारतील किंवा बंद करतील. बंद झाला तर आपण दोघी रस्त्यावर. माझा अंदाज विचारू नकोस."

मग खाली आले. वर जातेय, असं सांगितल्यावर साहेबांनी चष्मा काढला. "इथली जागा तुझ्यासाठी अडवून ठेवता येणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय, सर." आणि परत वर चढले.

वर मला टेबल नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून काचघराच्या मालकीणबाईंना फोन लावला.

"पुन्हा तुम्ही? आता काय राहिलं विचारायचं?"

"काचा कोणत्या बाजूच्या आधी गेल्या? खालच्या की वरच्या?"

त्या फोन ठेवतील, असं वाटलं.

"हे कुणी विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "थांबा, तिथे जाऊन सांगते."

पावलं ऐकू आली, मग दाराची कडी. मग त्या बोलू लागल्या, पण उतारावरचा वारा त्यांच्या शब्दांवर चढत होता. मी दुसऱ्या कानात बोट घातलं, पेन टेकवलं आणि ओरडले, "ताई, ऐकू येत नाहीये. पुन्हा सांगा."