वाळूवरचं पिल्लू

डॉक्टरबाईंनी गाडीचं दार असं काही आपटलं की किनाऱ्यावर जमलेली निम्मी माणसं आपणहून बाजूला झाली. जनावरांच्या डॉक्टर म्हणून बाईंचं नाव मोठं होतं आणि नाकावरचा राग त्याहून मोठा. आज तर बोलायलाच नको. पिशवीत कायमचं झोपवायचं इंजेक्शन होतं, आणि ते द्यायची वेळ आली की बाई दिसेल त्याच्यावर डाफरत सुटायच्या.

वाळूवर ओल्या चादरीखाली एक करडं, गुबगुबीत जनावर पडलं होतं. लांबी दहा-अकरा वर्षांच्या पोराएवढी. सकाळी फिरायला आलेल्या कुणीतरी त्याचा फोटो पाठवला होता आणि तो पाहून बाईंनीच फोनवर सांगून टाकलं होतं, "डॉल्फिनचं पिल्लू आहे. आधी त्याची आई शोधा." या किनाऱ्याला दिसायचे ते डॉल्फिनच, माणसाहून चांगले लांबलचक. मग एवढंसं असेल तर ते पिल्लूच, त्यात डोकं कशाला चालवायचं?

बाईंचा थोरला भाऊ, ज्याला बचाव पथकातले सगळेच दादा म्हणत, तेव्हापासून मोटरबोट घेऊन त्या आईला शोधत होता. किनाऱ्यावरचा वायरलेस काकांच्या हातात होता. काका म्हणजे पथकाचे प्रमुख, बंदरातून निवृत्त झालेले साहेब. माणूस शिस्तीचा इतका पक्का की वाळूतसुद्धा पॉलिश केलेले बूट घालून यायचा.

बाईंनी वायरलेस त्यांच्या हातातून हिसकावूनच घेतला. "दादा, दिसली का?"

"नाही गं. बघून बघून डोळे फुटायची वेळ आली. पाण्यावर आलेला पाठीवरचा मोठा पंख म्हणून कुठे दिसत नाही."

नियम त्यांनीच घालून दिला होता: दूधपितं पिल्लू आईशिवाय पाण्यात सोडायचं नाही. मागे असंच एक पिल्लू सगळ्यांनी टाळ्या वाजवत सोडलं होतं. काही दिवसांनी ते हाडं वर आलेलं, उपाशी, त्याच वाळूवर परत आलं. त्या दिवशी बाई गाडीची काच वर करून हमसून हमसून रडल्या होत्या.

"ओहोटी लागली," काका हळूच म्हणाले. "उरकून टाकू या, डॉक्टर. बिचाऱ्याचे हाल नकोत."

"कळतं मला!" बाई खेकसल्या आणि गुडघे टेकून बसल्या.

इंजेक्शनच्या आधी बाई एक गोष्ट न चुकता करत. हातमोजा घालून पिल्लाच्या तोंडात बोट घालायच्या. दूधपितं असलं तर ते बोट चोखायला लागतं. आताही त्यांनी घातलं. चोखायचं लांबच राहिलं, बाईंचं बोट हिरडीवर जागच्या जागी थांबलं.

दात होते. तोंडभर, ओळीने. बाईंनी पुन्हा चाचपले. डॉल्फिनचा दात टोकदार, सुळ्यासारखा. हे चपटे होते, इवल्या इवल्या फावड्यांसारखे, आणि झिजून गुळगुळीत झालेले. वर्षानुवर्षं मासे खाल्ल्याशिवाय दात असे झिजत नाहीत.

"अगं बाई!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "काय गाढव आहे मी!"

गर्दीतल्या काहींना ते पटल्यासारखं दिसलं, पण तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

"काका, हे पिल्लू नाही. डॉल्फिन तर नाहीच नाही. हा पॉरपॉइज आहे!"

"तो कोण?"

"डॉल्फिनचा चुलतभाऊ म्हणा. अहो, देवमासे, डॉल्फिन, पॉरपॉइज सगळे मिळून नव्वदेक जाती आहेत समुद्रात. एखादा तुमच्या बोटीला पाठीवर घेईल एवढा, तर एखादा वाढून वाढून एवढाच वाढतो. आणि आपण दिसेल त्याला डॉल्फिन म्हणून मोकळे! हे पूर्ण वाढलेलं जनावर आहे. सोडा त्याला."

काका जागचे हलले नाहीत. "सकाळी फोटो बघून पिल्लू म्हणालात. आता बोट लावून म्हातारं म्हणताय. उद्या परत वाळूवर आलं तर?"

बाईंचा पारा चढला आणि तसाच उतरला. काकांचं काही चुकत नव्हतं. बाईंनी दोघांच्या मदतीने जनावराला अलगद कुशीवर केलं आणि पोटाच्या शेपटीकडच्या बाजूला, एका बारीक चिरेच्या कडेला हलकेच दाबलं. दाट, पांढरी धार हातमोज्यावर आली.

सगळी गर्दी दोन पावलं पुढे सरकली.

"दूध?" काका खाली वाकून बघायला लागले.

"दूध. सकाळपासून आपण हिची आई शोधतोय, काका. आणि आई तर हीच आहे!" बोलता बोलताच बाईंच्या ध्यानात आलं. मग हिचं पिल्लू कुठे? त्यांनी वायरलेस तोंडाशी धरला. "दादा! मोठा पंख सोड. छोटा शोध, तळहाताहून लहान, तिकोनी!"

"तसला एक मघापासून बोटीभोवती घुटमळतोय की! मी हाकलून हाकलून दमलो त्याला!"

"हाकलू नकोस रे शहाण्या! तिथेच थांब. इंजिन बंद कर. आम्ही त्याच्या आईला तुझ्याच दिशेने सोडतोय!"

मग जी काय पळापळ झाली! बाईंनी झोळी मागवली. माणसं नको नको म्हणता एवढी धावली की धरायला जागा पुरेना. काका पुढच्या टोकाला, बुटांसकट पाण्यात. छातीभर पाण्यात गेल्यावर बाईंनी झोळीची एक बाजू सोडली. जनावर क्षणभर नुसतंच तरंगलं. मग फुस्स करून एक श्वास आला, शेपटीचा एकच तडाखा बाईंच्या कमरेला बसला आणि ती पाण्यात दिसेनाशी झाली.

किनाऱ्यावर एका पोराने वायरलेस उंच धरला. सगळ्यांचे कान तिकडेच.

"आली!" दादा ओरडला. "अगं, आली! ते पोर काय सुसाट सुटलंय तिच्याकडे! थांब, थांब... शिरलं गं कुशीत! तिच्या पोटाला चिकटलंय. अगं, पितंय! भुकेलेलं ते, गटागटा पितंय!"

असा काही जल्लोष उठला की बोटीवरून दादाला वायरलेसशिवाय ऐकू आला. काकांनी लाटेत दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. डॉक्टरबाई छातीभर पाण्यात उभ्या राहून हसत होत्या, रडत होत्या, आणि शेपटी बसलेली कंबर चोळत ज्याला त्याला सांगत होत्या, "बघा तरी, काय जोर आहे आईच्या अंगात!"