शिवशिवणारे हात

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं तसं शिंपीणबाईंनी वायरी वर बांधल्या, फिनेल माळ्यावर टाकलं, सुया डब्यात कोंडल्या. त्याचे दात शिवशिवायचे, म्हणून त्या भोपळ्याची कडक बिस्किटं लाटायला बसल्या. पहिली बिस्किटं भाजून निघाली, तोच नवऱ्याला आपली कुरतडलेली चप्पल सापडली.

"माझे हात शिवशिवतायत," तो म्हणाला. बाईंना बडवण्याआधीही तो हेच म्हणायचा. त्याने मानगूट धरून पिल्लाला भिंतीवर आपटलं. पुन्हा उचलायला वाकला, तोच बाईंनी लाटणं हाणलं. मनगट कडकन मोडलं. दुसरा तडाखा दुसऱ्या हातावर बसला. तो खाली लोळत विव्हळू लागला.

बाईंनी केकाटणारं पिल्लू पोटाशी धरलं, नवऱ्यापुढे एक बिस्कीट टाकलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच एकेरीवर येत म्हणाल्या, "अजून शिवशिवत असेल, तर हे चाव."