अंदाज द्यायला येणारी माणसं

मित्रांनो, मी एक जुना तलाव आहे. तलाव म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कमळं आणि बगळे आले असतील, तर ते आधी बाजूला सारा. मी फ्रेस्नो गावातल्या एका घराच्या मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव आहे. एका टोकाला कमरेइतका आणि दुसऱ्या टोकाला माणूस बुडेल इतका खोल. माझा आकार घेवड्याच्या दाण्यासारखा आहे. मी झालो त्या काळी आमच्या गल्लीत ज्याला त्याला तसलाच आकार हवा होता, त्यामुळे मला कोणी हसत नसे.

माझा जन्म काही फार नाजूक रीतीने झाला नाही. यंत्राने खड्डा खणला, त्यात लोखंडी सळ्यांचं जाळं विणलं, जाड नळीतून काँक्रीट फवारलं आणि शेवटी ओल्या गिलाव्यावर चालता यावं म्हणून तळव्यांना खिळे लावलेले जोडे घातलेली माणसं माझ्या पोटात उतरली. त्यांनी थापीने पांढरा गिलावा इतका गुळगुळीत केला की पुढे कित्येक वर्षं लहान मुलं माझ्या पायऱ्यांवर घसरगुंडी खेळत.

घर वार्तकेस आणि अरक्सीबाईंचं. दोघंही आर्मेनियन. वार्तकेसचं गावात कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. दिवसभर वाफेत उभं राहून तो संध्याकाळी घरी यायचा तो थेट माझ्याकडे. एक सूर मारायचा आणि तळाशी बराच वेळ बसून राहायचा. रविवारी चर्च सुटलं की निम्मी मंडळी आमच्याच अंगणात. निखाऱ्यावर मांस भाजलं जाई, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात ताटंच्या ताटं संपे, अंजिराच्या झाडाखाली म्हातारे सोंगट्यांच्या डावावरून भांडत. त्यांचा मुलगा शहान आणि त्याचे मित्र माझ्यात इतका दंगा करत की माझं निम्मं पाणी काठावर असायचं. लोक म्हणत, "वार्तकेस, तुझ्या तलावासारखं गार पाणी गावात कुठे नाही." ते ऐकून मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

मग शहान शिकून सिॲटलला गेला आणि तिकडचाच झाला. सोंगट्या खेळणारे एकेक करून गेले, उरले ते आपल्या मुलांकडे राहायला गेले. एका वर्षी जर्दाळू पिकायच्या सुमारास वार्तकेसही गेला. माझा पंप ठरल्या वेळी आपोआप सुरू व्हायचा, तसा तो होत राहिला. कोणासाठी पाणी फिरवतोय हे त्याला कुठे ठाऊक होतं!

गिलाव्याला वय होतं, मित्रांनो. आधी तो खरखरीत होतो, मग त्यावर गंजाचे डाग उठतात, मग पोपडे सुटतात. माझ्या खोल टोकाला एक तडा गेला आणि पाणी झिरपायला लागलं. अरक्सीबाईंनी काही दिवस नळी लावून पाहिली, नंतर सोडून दिली. पाणी खाली खाली गेलं आणि एक दिवस मी कोरडा पडलो. अंजिराची पानं वाऱ्याने येऊन तळाशी गोळा होत. रिकामा तलाव किती मोठा आवाज करतो ते तुम्हांला माहीत नसेल. एक पान सरकलं तरी घुमतं.

शहानने फोनवरून सांगितलं, "आई, कोणाला तरी बोलावून खर्चाचा अंदाज घे. अंदाज फुकट देतात." बाई फोन अंगणात घेऊन बसत, म्हणून मला सगळं ऐकू येई.

पहिला ठेकेदार आला तो तरुण होता. तो माझ्यात उतरला, हातोडीच्या दांड्याने भिंती ठोकत फिरला, जिथे पोकळ वाजलं तिथे खडूने गोल काढले. सगळा जुना गिलावा खरवडून नवा द्यावा लागेल, तडा भरावा लागेल, काठाच्या फरशा बदलाव्या लागतील, असं त्याने सांगितलं. आता मी पुन्हा भरणार, असं मला वाटलं.

"बस बाळा," बाई म्हणाल्या. "कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही."

कॉफी म्हणजे त्यांची, बोटभर कपातली, दाट. ती पिऊन झाली की कप बशीवर उपडा घालायचा, तळाचा गाळ वाळू द्यायचा आणि मग त्या नक्षीत भविष्य पाहायचं. गाळ वाळायला वेळ लागतो. तोवर माणसाला उठता येत नाही.

"तुझ्या घरी पाहुणा येणार आहे," बाई कपात बघून म्हणाल्या. "छोटासा."

"अहो, बायकोला सातवा महिना लागलाय! कपात दिसतं हे?"

"कपात कुठलं! तुझ्या गाडीत मागे पाळण्याचं खोकं आहे ना, त्यावरून कळलं."

तो इतका हसला की अंजिरावरचे पक्षी उडाले. जेवूनच गेला. जाताना बाईंनी त्याला सांगितलं, "विचार करून कळवते हं." आणि संध्याकाळी कप विसळताना त्या गुणगुणत होत्या. वार्तकेस गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दुसरा ठेकेदार आला. मग तिसरा. एकाने पहिल्याच्या खुणा पुसून आपल्या काढल्या. एक म्हणाला, गिलावा नको, बारीक खडे घालून करू. कोणी गुडघेदुखीचं गाऱ्हाणं सांगितलं, कोणी मेहुण्याचं. सगळ्यांनी कॉफी घेतली, सगळ्यांचे कप उपडे झाले आणि सगळ्यांना बाईंनी सांगितलं, "विचार करून कळवते." माझ्या भिंतींवर इतके गोल झाले की मला देवी आल्यासारखं दिसायला लागलं. मी मनात चरफडायचो, बाई, अजून किती विचार करणार? आता माझा अंत बघू नका!

मग डॉयल आला. साठी उलटलेला, तोंडाने फटकळ, टोपी डोळ्यांवर ओढलेली. त्याने भिंती ठोकल्याच नाहीत. काठावर उभा राहून नुसता माझ्या अंगावरचे गोल बघत राहिला.

"बसा ना," बाई म्हणाल्या. "कॉफी टाकते."

"कॉफी नको, बाई. हो की नाही तेवढं सांगा."

"अहो, पण आधी अंदाज—"

"अंदाज? तुमच्याकडे अंदाजांचा बाजार भरलाय! सिमेंटच्या दुकानात आमची पोरं काय म्हणतात ठाऊक आहे? 'अंजिराच्या झाडाच्या घरी जा. कॉफी झकास मिळते, काम मिळत नाही.' तुम्हांला तलाव दुरुस्त करायचाच नाहीये. तुम्हांला माणसं हवीयेत."

बाई हातातला टॉवेल घडी करत राहिल्या. डॉयलला बहुधा आपलं बोलणं जास्त झालं असं वाटलं असावं, पण शब्द तर निघून गेले होते. तो टोपी आणखी खाली ओढून निघून गेला. त्याच्या गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत मला ऐकू येत होता.

आणि मित्रांनो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फुटलेला होतो म्हणून या घराची घंटा वाजत होती. मी धडधाकट झालो असतो तर कोण आलं असतं? त्या क्षणी मला नवा गिलावा नकोसा झाला.

बाईंनी त्यानंतर कोणालाही बोलावलं नाही. उन्हाळा संपला, पानं गळाली, थंडीत दाट धुकं अंगणात येऊन बसलं. मी रिकामा, त्या रिकाम्या. आम्ही दोघं काचेच्या दाराच्या अलीकडे-पलीकडे एकमेकांकडे बघत ती थंडी काढली. तसे एकटे दिवस मी दुसरे पाहिले नाहीत.

मग शहानचा फोन आला. "आई, मागे तलावाचं पाणी झिरपलं, त्याने शेजाऱ्याच्या कुंपणाची माती खचलीये म्हणे. आता पुरे. मी बोललोय एकाशी. माती टाकून बुजवून टाकतील. तुला तरी कशाला हवाय तो?"

"बुजवायचा?"

"अगं, वर हिरवळ लाव. फुलं लाव."

बाई म्हणाल्या, "तुझे बाबा दुकानातून येऊन इथेच निवांत व्हायचे. दिवसभरात त्यांचा चेहरा मला इथेच धड दिसायचा. इथे मी माती नाही टाकू देणार. तू तुझ्या घरी फुलं लाव."

फोन ठेवून त्यांनी लगेच येसेनिया नावाच्या ठेकेदारीण बाईला बोलावलं. ती पहिल्यांदाच येत होती. तिने भिंती ठोकल्या, अंदाज सांगितला आणि बाई म्हणाल्या, "बरं. कर."

येसेनिया चपापली. "विचार वगैरे नाही करायचा, आजी?"

"झाला माझा विचार, पोरी. खूप झाला."

पुढे जे झालं त्याने माझी हाडं खिळखिळी झाली. यंत्राने जुना गिलावा खरवडला तेव्हा धुळीचा ढग छपरावर गेला. डॉयलच्या धंदेबंधूंचे सगळे गोल त्यात निघून गेले. तडा कापून भरला, काठाला निळ्या फरशा आल्या. मग नव्या पिढीची खिळ्यांच्या जोड्यांची माणसं उतरली आणि त्यांनी एका सकाळीच मला पुन्हा पांढराशुभ्र केला. येसेनियाने नळी सोडताना बजावलं, "पाणी फरशांपर्यंत चढेस्तोवर नळ बंद करायचा नाही. मध्ये थांबलं तर तिथे कायमचा पट्टा उमटतो." बाईंनी खुर्ची आणून माझ्या काठावर ठाण मांडलं. इतक्या वर्षांनी पाणी अंगाला लागलं आणि मला रडू आलं असतं, पण तलावाचं रडणं कोणाला कळणार?

महिना झाला. येसेनिया सांगितल्या वेळी येऊन पाणी तपासून गेली, आणि तिचंही काम संपलं. मी आरशासारखा झालो होतो. आणि मला वाटली होती ती भीती खरी झाली. घंटा वाजेना. गाळ वाळायला उपडे घालायचे कप नाहीत, ऐकायला कोणाचा मेहुणा नाही. आरशात बघायला कोणी नसेल तर आरशाने काय करायचं?

एका सकाळी बाई फोन घेऊन अंगणात आल्या. आधी त्यांनी घसा खाकरला. "मी अरक्सी बोलतेय. अंजिराच्या झाडाचं घर. नाही नाही, अंदाज नकोय. तलाव झाला, दुसऱ्या कोणीतरी केला. मी तुमचा वेळ फुकट घालवला त्याबद्दल वाईट वाटतं. रविवारी जेवायला या." असे एकामागून एक फोन. कोणी हसलं, कोणी बघतो म्हणालं, कोणी मध्येच फोन ठेवून दिला. दर वेळी बाई एकदा माझ्याकडे बघत आणि पुढचा नंबर फिरवत.

रविवारी त्यांनी पहाटेपासून द्राक्षाची पानं गुंडाळली. टेबल मांडलं. दुपार झाली, उन्हं कलली. ताटांवरची फडकी तशीच. शेवटी बाई एकेक ताट आत न्यायला लागल्या आणि मला माझ्या नव्या गिलाव्याची लाज वाटली.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला एक गाडी खडखडली. तो आवाज मी ओळखला.

डॉयल बाजूच्या फाटकाने आला. टोपी हातात होती. बाईंशी एक शब्द न बोलता तो गुडघ्यांवर बसला आणि काठाच्या फरशांवरून त्याने बोटं फिरवली.

"कोणी केलं?"

"येसेनियाने."

"हं. वळणावरचा सांधा जरा जाड ठेवलाय." मग थोड्या वेळाने, "बाकी चांगलं केलंय."

बाई ताट त्याच्यापुढे ठेवायला आल्या, पण तो पाण्याकडेच बघत होता. "गंमत सांगू, बाई? जन्मभर हेच काम केलं. पण गिलावा झाला, नळी सोडली की आम्ही निघालो पुढच्या कामाला. भरलेला तलाव बघायला आजवर कोणी बोलावलं नाही."

मलासुद्धा ज्यांनी घडवलं, त्यांच्यातला एकही मला भरलेला बघायला कधी आला नव्हता, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या मनातही आलं नव्हतं.

ते दोघं अंधार पडेपर्यंत जेवत बसले. डॉयलची बायको गेल्याला बरीच वर्षं झाली होती, तेही तेव्हाच कळलं. निघताना तो फाटकाशी थांबला. "त्या सांध्यावर लक्ष ठेवायला हवं. पुढच्या रविवारी येऊन बघतो."

"या की," बाई म्हणाल्या. "पण काम नाही देणार हं तुम्हांला."

"मागितलंय कोणी?" डॉयल म्हणाला आणि टोपी घालून गेला.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुमच्या ओळखीत एखाद्या आजीचा नळ सारखा गळत असेल, एखाद्या काकांचा रेडिओ दर आठवड्याला बिघडत असेल आणि ते तुम्हांला पुन्हा पुन्हा बोलावत असतील, तर एकदा हत्यारं घरीच ठेवा आणि नुसते जा.