तिघांचा फोटो

मी एक जुना, सस्त्यातला डिजिटल कॅमेरा आहो, मित्रांनो. आता सिंदी रेल्वे नावाच्या गावात रूपरावच्या घरी बिस्किटाच्या डब्यात पडून आहो. कारखान्यातलं मले काई आठवत नाई. पहिली आठवण नागपूरच्या बाजारातली, दोन हजार पाच सालची. रूपरावनं मले उलटंपालटं करून पाह्यलं आन् दुकानदाराले विचारलं, "याच्यात रोल कोठून टाकतेत?" दुकानदार हासला. तरी रूपरावनं मले घेतलंच. त्याचं सिंदीत बांगड्या-टिकल्याचं दुकान होतं. त्याची पोट्टी मयुरी दहावी पास झालती, तिचं बक्षीस म्हणून मी घरात आलो.

माही ताकद थोडी. पोटात जेमतेम वीस फोटो मावत. दोन सेल टाकले का अर्ध्या दिवसात पिऊन टाको. मंग मयुरी सेल काढून उन्हात वाळत घाले, का अजून चार फोटो निघत. जागा भरली का जुने पुसायचे, नवे काढायचे. चांगले तेवढे हिंगणघाटले ओमप्रकाशच्या स्टुडिओत छापून आणायचे. गल्लीतल्या बाया नवी साडी नेसून येत आन् लगेच माह्या पाठीवरच्या काचेत तोंड पाहत. लय लाड होते तवा माहे.

पण घरात एक अडचण होती. माणसं तीन, आन् मयुरीची माय अनुसयाबाई तिघांचा फोटो काढू देत नव्हती. ताटात तीन पोळ्या वाढत नाई, तसे फोटोत तीन माणसं उभे करत नाई, त्यातलं एक जाते, असं तिले तिच्या मायनं सांगतलं होतं. म्हणून कधी बाप-लेक, कधी माय-लेक. तिसरं मले धरून उभं. ते घर मी कधी पुरं पाह्यलंच नाई.

तान्ह्या पोळ्याले, पोट्टे लाकडाचे बैल मिरवतेत त्या सणाले, मयुरीनं युक्ती काढली. लहानपणचा तिचा लाकडाचा नंदी पूजेसाठी बाहेर काढला होता. तो तिनं बापाच्या हाती दिला.

"माय, हा चौथा. आता त काई म्हणू नोको."

"बैलाले माणसात मोजतेत काव?" अनुसयाबाई म्हणे, पण पदर सारखा करून उभी राह्यली.

मले स्टुलावर ठेवलं. मयुरी बटन दाबून पळत गेली आन् दोघाईच्या मधात घुसली. तिची धांदल पाहून अनुसयाबाईले हासू फुटलं. तिचा समोरचा दात तुटका होता, फोटोत ती नेहमी ओठ मिटून घे. त्या दिवशी विसरली. तोंडभरून हासली. मित्रांनो, तसा फोटो मी पुन्हा काढला नाई.

पण माही नजर अरुंद. नंदी रूपरावच्या बाहेरच्या अंगच्या हातात होता, तो बाहेरच राह्यला. काचेत दिसले ते तिघंच.

अनुसयाबाईचं तोंड उतरलं. "अवो, पुसून टाका हे."

मयुरी रडकुंडीले आली. रूपरावचा अंगठा बटनावर थांबला. पुसू का, हो का नाई, मी विचारलं. मले तेवढंच विचारता येते. त्यानं हो दाबलं. नंदीले मधात घेऊन दुसरा काढू, असं तो पोरीले सांगून राह्यला होता, तेवढ्यात माहे सेल संपले.

दुसरा राहूनच गेला. पुढच्या उन्हाळ्यात अनुसयाबाईले ताप चढला. दवाखान्यात पाचव्या दिवशी ती गेली. फोटो पुसून काईच वाचलं नाई.

तेरवी झाल्यावर रूपराव मले रुमालात गुंडाळून ओमप्रकाशकडे घेऊन गेला. पोळ्याचा एक फोटो पुसला होता, पोट्टी तोच मागते, वापस निघते काय, म्हणे. ओमप्रकाशनं वायर जोडून लय खटपट केली. मंग हळूच सांगतलं का त्या जागेवर किती बार नवे फोटो बसले, खाली काई उरलं नाई.

"मीच दाबलं होतं," रूपराव म्हणे. वापस येताना बसमध्ये त्यानं मले खिशात नाई ठेवलं, मुठीत धरून बसला.

पुढच्या वर्षी मयुरी नर्सिंग शिकाले नागपूरले निघाली. बॅग दारात होती. रूपरावनं भिंतीवरची अनुसयाबाईची फ्रेम उतरवली, हार काढून ठेवला आन् मले त्याच स्टुलावर बसवलं. मयुरीनं सवयीनं नंदी उचलला.

"ठेव तो," बाप म्हणे. "तिघंच पायजे."

बाप-लेकीच्या मधात फ्रेम. त्याईच्यातलं कोणीच हासलं नाई. अनुसयाबाई हासत होती, पण ओठ मिटून.

तो माहा शेवटचा फोटो. मंग माहा डोळा अडकला तो अडकलाच.

मित्रांनो, घरात माह्यासारखा कोणी असन त त्याची धूळ पुसत जा, सेल पोटात सडू देऊ नोका. पण त्याच्या आधी एक करा. सगळे घरी असतीन त्या दिवशी सगळ्याईले एका जागी उभं करा, मोजत बसू नोका. आन् माह्यासारखा कोणी विचारन, पुसू का, हो का नाई, तवा अंगठा जरासा थांबू द्या.