तराजूखालचा दगड

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली असते. काटा खोटं बोलत नाही, खोटं बोलतं ते त्याच्याखालचं टेबल. त्यामुळे काटेवाल्यांनी घरी रेकॉर्ड प्लेअर आणला तेव्हा गाण्याआधी त्यांनी विचार केला तो प्लेअरच्या खाली काय ठेवायचं याचा, आणि तो विचार संसाराच्या मुळावर आला.

आधी प्लेअर स्टुलावर होता. स्टूल लंगडं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. घरात रेकॉर्डही मोजून एकच, सासऱ्यांनी दिलेली. एका गायिकेची मैफल, भरल्या सभागृहात तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित केलेली. सासरे शिंपी. त्या मैफलीला ते पहिल्या रांगेत, माइकच्या पुढ्यात बसले होते आणि ही हकिगत ते दुकानात माप द्यायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवत. दोन्ही हात वर केलेलं गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

"शेवटच्या गाण्याला अख्खं सभागृह रडलं," ते सांगत. "मी मात्र पापणी लववली नाही. एक सूर खाली सांडू दिला नाही."

सासूबाई त्या दिवशी शेजारीच बसल्या होत्या. पण त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे या गोष्टीला मध्येच अडवणारं आता कुणी नव्हतं.

काटेवाल्यांनी स्टूल काढून वाळू भरलेला लोखंडी स्टँड केला. रेकॉर्डमधल्या पेटीवाल्याला सर्दी झाली होती, हे त्या दिवशी कळलं. ही बातमी त्यांनी सासऱ्यांना दिली.

"जावईबापू, आवाज स्पीकरमधून येतो, घडवंचीतून नाही," सासरे म्हणाले. "कोट कुठल्या खुंटीला टांगला यावरून त्याची शिवण बदलते का?"

हे काटेवाल्यांना झोंबलं. कुठल्याशा प्रयोगशाळेनं मोडीत काढलेला, नाजूक तराजूखालचा काळा दगड त्यांनी घरी आणला. चौघांनी उचलून आणला तेव्हा जिना कण्हला. दगड ठेवायला जागा एकच होती, कपाटासमोर.

"कपाट उघडत नाही," बायको म्हणाली. "गेला आठवडाभर मी दोरीवर जे वाळलेलं असेल ते घालतेय."

शेवटी पैज लागली. रविवारी दुपारी सासऱ्यांनी येऊन दोन्हीकडे ऐकायचं, स्टुलावर आणि दगडावर. फरक जाणवला तर त्यांनी तो दुकानात सगळ्यांसमोर कबूल करायचा. नाही जाणवला तर दगड घराबाहेर.

शनिवारी काटेवाल्यांनी रंगीत तालीम घेतली. खाली धक्के जिरवायला अर्धवट फुगवलेली सायकलची ट्यूब, तिच्यावर दगड, दगडावर पाणसळ लावून, पातळी बघून प्लेअर. सुई टेकवली, आणि सभागृह घरात आलं. कुणीतरी गोळीचा कागद सोडत होतं. गोळी लिंबाची की पेपरमिंटची एवढंच कळायचं बाकी होतं. शेवटचं गाणं रंगात आलं आणि गायिकेच्या सुराखालून दुसराच एक आवाज वर आला. आधी बारीक शिट्टी, मग चढावर गाडी बंद पडावी तशी घरघर, आणि शेवटी फुस्स.

बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली आणि तिनं सुई उचलली.

"बाबा," ती म्हणाली.

"कुठायत?"

"रेकॉर्डमध्ये. लग्न होईपर्यंत त्या आवाजाच्या भिंतीपलीकडे झोपलेय मी. घोरतायत ते."

काटेवाल्यांनी दगड थोपटला. फरक पडतो याचा याहून भक्कम पुरावा जगात कुणाजवळ नव्हता.

"त्यांना ऐकवायचं नाही," बायको म्हणाली. "त्यांच्याकडे सांगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे."

"मग मी हरतो."

"हरा की. काय सवय नाही?"

रविवारी सासरे गळ्यात टेप अडकवूनच आले. स्टुलावर रेकॉर्ड ऐकली, मान डोलावली. "हं. आता दगडावर."

"राहू द्या हो बाबा. मला पटलं तुमचं. हरलो मी."

"पत्ते न वाटताच हरणारा जावई मला नको. ठेवा तो दगडावर."

काटेवाल्यांनी प्लेअर उचलून दगडावर ठेवला. पाणसळ न लावता ठेवून बघितला, पण हाताला सवय होती, तो सरळच बसला. पेटीवाल्याची सर्दी झाली, गोळीचा कागद झाला. मग शिट्टी, घरघर, फुस्स.

बायको खिडकीतून बाहेर बघू लागली.

"हा कोण बैल?" सासऱ्यांनी शांतपणे विचारलं.

"मागच्या रांगेतला असेल कुणीतरी," काटेवाले म्हणाले.

"मागचा नाही, माझ्या डावीकडचा. आठवतोय ना मला. जाडजूड गृहस्थ, राखाडी कोट. खांदे चुकलेले होते, मी शिवला नव्हता तो." कोटाचं अस्तर कुठलं होतं हे ते सांगायला लागले होते, तेवढ्यात स्पीकरमधून कुजबुज आली.

"अहो. उठा. ती तुमच्याकडेच बघतेय."

बायको खिडकीपासून वळली.

"जागा आहे मी," रेकॉर्डमधला तरुण शिंपी म्हणाला. "डोळे मिटून ऐकतोय."

"बरं," कुजबुज म्हणाली.

ते 'बरं' त्या घराण्यात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. त्यात होकार कधीच नसायचा. मग टाळ्या झाल्या आणि सुई मधोमध जाऊन खरखरत राहिली.

सासऱ्यांनी गळ्यातली टेप काढली, बोटाभोवती गुंडाळली, परत सोडली. "पुन्हा लावा," ते म्हणाले. पुन्हा लावली. "पुन्हा."

चहा निवून गेला तेव्हा त्यांनी निकाल दिला. "काडीचा फरक नाही. पैजेप्रमाणे दगड घराबाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?" बायकोनं विचारलं.

"माझ्या दुकानात. एवढा चांगला दगड काय रस्त्यात टाकायचा?"

"आणि प्लेअर?"

"नुसत्या दगडाचं मी काय करू?"

तेव्हापासून दगड शिंप्याच्या दुकानात आहे. तो कापडाचे तागे ठेवायला आणला आहे असं सासरे सांगतात, पण त्यावर तागा कुणी पाहिलेला नाही. काटेवाले अधूनमधून पँटचं माप द्यायच्या निमित्तानं जातात, गुपचूप पाणसळ लावतात, ट्यूबमध्ये हवा भरतात आणि हात वर करून उभे राहतात. रेकॉर्ड लागली की सासरे शिलाई मशीन बंद करतात आणि पापणी न लववल्याची गोष्ट पहिल्यासारखीच सांगतात. शिट्टी सुरू झाली की त्यांना खोकल्याची जबरदस्त उबळ येते. ती बरोबर फुस्सला थांबते.

मग कुजबुज येते आणि टेप हातात तशीच राहते. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकानं हात खाली घ्यायचे नसतात.